कोरेपेटिटोर ते जनरल म्युझिक डायरेक्टर: जर्मन कंडक्टरची वाट

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सतरा वर्षांची आहे, पियानोची आठवी ग्रेड झाली आहे, जर्मनीत जाऊन ऑर्केस्ट्रा आणि ऑपेराची कंडक्टर व्हायचे तिने मनाशी पक्के केले आहे. तिथे हे करिअर कसे घडते, आणि कंडक्टिंगचा एखादा कोर्स आत्ताच लावावा का?

कोर्स आत्ता लावू नका, पियानो वाढवा. जर्मन पद्धतीत कंडक्टरची सुरुवात पोडियमवर होत नाही. ती ऑपेरा हाउसच्या तालमीच्या खोलीत, पियानोसमोर होते. पुढच्या वीस वर्षांत जे पद मिळते, ते त्या खोलीत काय कमावले यावर बेतलेले असते. हात हवेत कसे फिरवायचे हे शिकायला तुलनेने कमी वेळ लागतो. चाळीस-पन्नास ऑपेरा अंगात मुरायला मात्र वर्षे जातात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे वोल्फगांग सावालिश. जन्म म्युनिकचा, २६ ऑगस्ट १९२३. लहानपणापासून पियानो, आणि व्हायचे होते पियानोवादकच. मध्ये युद्ध आले, कैदही झाली. परत आल्यावर म्युनिकमध्येच शिक्षण पूर्ण करून १९४७ साली ते आउग्सबुर्गच्या थिएटरात कोरेपेटिटोर म्हणून लागले. कोरेपेटिटोर म्हणजे गायकांची भूमिका पियानोवर बसवून घेणारा. तिथेच हुम्परडिंकच्या ‘हेन्झेल उंड ग्रेटेल’ने त्यांचा कंडक्टर म्हणून पहिला प्रयोग झाला. आउग्सबुर्गला ते १९५३ पर्यंत राहिले आणि पायरी पायरीने वर गेले. मग आखेनला जनरल म्युझिक डायरेक्टर, म्हणजे शहराच्या ऑपेराचा आणि ऑर्केस्ट्राचा संगीतप्रमुख. पुढे जगप्रसिद्ध झालेले कंडक्टर कारायान एकेकाळी, १९३५ पासून, त्याच पदावर होते. १९५७ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, बायरॉइटला, म्हणजे वाग्नरच्या ऑपेरांच्या महोत्सवात, ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’. १९५८ ला वीसबाडेन, १९६० ला कोलोन, १९६१ पासून हॅम्बुर्ग फिलहार्मोनिक. १९७१ ला म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराचे संगीतप्रमुख झाले आणि १९९२ पर्यंत राहिले. त्यातली शेवटची दहा वर्षे संस्थेचा कारभारही त्यांच्याकडे होता. त्यानंतर १९९३ ते २००३ फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा. आउग्सबुर्ग ते म्युनिक हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे. त्यांना ते कापायला चोवीस वर्षे लागली, आणि त्यातले एकही वर्ष वाया गेलेले नाही.

ही शिडी आजही तशीच आहे. क्रिस्तियान टीलेमान १९७८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बर्लिनच्या डॉइच ओपरमध्ये कोरेपेटिटोर होते. मग छोट्या-मोठ्या शहरांतली थिएटरे, १९८८ ला न्युर्नबर्ग, १९९७ ला परत त्याच डॉइच ओपरमध्ये संगीतप्रमुख. योआना मालविट्झ यांनी हायडेलबर्गच्या थिएटरात कोरेपेटिटोर म्हणून सुरुवात केली, २०१४ ला एर्फुर्टच्या जनरल म्युझिक डायरेक्टर झाल्या, २०१८ ला न्युर्नबर्ग, २०२३ पासून बर्लिनचा कॉन्झर्टहाउस ऑर्केस्ट्रा. पिढ्या तीन, पण दरवाजा एकच.

हे जर्मनीतच का जमते, तर तिथे ऑपेरा शहरागणिक आहे. सरकारी पैशावर चालणारे ऐंशीच्या वर ऑपेरा हाउस आणि सुमारे १३० व्यावसायिक ऑर्केस्ट्रा. लाख-सव्वा लाख वस्तीच्या गावातही स्वतःचे गायक, कोरस आणि ऑर्केस्ट्रा असलेले थिएटर सापडते. बहुतेक ठिकाणी रेपर्टरी पद्धत: आज मोझार्ट, उद्या ऑपेरेटा (संवाद असलेला हलकाफुलका ऑपेरा), परवा व्हेर्डी. त्यामुळे शिकण्याच्या जागाही भरपूर आणि चुका उघड्या पडण्याच्या संध्याकाळीही भरपूर.

पायऱ्या अशा. सर्वांत खाली कोरेपेटिटोर, त्यातच थोडा वरचा सोलो-कोरेपेटिटोर. मग ‘कंडक्टिंगच्या जबाबदारीसह कोरेपेटिटोर’. जाहिरातीत हे शब्द दिसले की तीच जागा पकडायची. मग दुसरा कापेलमाइस्टर, म्हणजे थिएटरच्या नोकरीतला कंडक्टर, मग पहिला कापेलमाइस्टर, आणि वर जनरल म्युझिक डायरेक्टर. कोरसप्रमुख ही बाजूची वाट आहे, पण तिला कमी लेखू नये. ऐंशी जणांचा श्वास एकत्र कसा घ्यायचा हे तिथे कळते. ‘कापेलमाइस्टर’ हा शब्द समीक्षेत कधी कौतुकाने येतो, कधी ‘नुसता कारागीर’ या अर्थाने. जर्मन ऑपेरा संध्याकाळच्या संध्याकाळी उभा राहतो तो या कारागिरांच्याच जिवावर, असे माझे ठाम मत आहे.

आता कोरेपेटिटोरची परीक्षा. एखादी बाखची प्रील्युड-फ्यूग, एखादी बेटोव्हन सोनाटा हे तर असतेच, पण निकाल तिथे लागत नाही. समोर ऑपेराचा पियानो-स्कोअर, म्हणजे ऑर्केस्ट्राचे संगीत पियानोसाठी उतरवलेली प्रत, ठेवतात आणि सांगतात, वाजव आणि गायकांच्या सगळ्या ओळी स्वतः गा. नेहमीचे उतारे ठरलेले आहेत: मोझार्टच्या ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट, ‘कार्मेन’मधले तस्करांचे पंचक, श्ट्राउसच्या ‘सालोमे’तले पाच ज्यूंचे भांडण, ‘एलेक्ट्रा’तला सुरुवातीचा दासींचा प्रवेश, ‘रोझेनकावालियर’ची सुरुवात. शेवटचे तीन तर दहा बोटांत मावतच नाहीत. उमेदवार इथेच गळतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते: छापलेला प्रत्येक स्वर वाजवायचा प्रयत्न. त्यात लय अडखळते, बास सुटतो, आणि डोळे कागदावरून उठत नाहीत. समितीला हवे ते वेगळेच. डावा हात, म्हणजे बास, कधीच थांबता कामा नये. स्वरसंगती कुठे बदलते ते ठसठशीत ऐकू यावे. गायकाला जिथून सूर किंवा शब्द उचलायचा आहे, ते वाद्य वाजलेच पाहिजे, मग आजूबाजूचे वीस स्वर गेले तरी चालतील. चुकलात तर पुढे जा, मागे येऊन दुरुस्त करू नका. प्रयोगात मागे येता येत नाही. आणि कोपऱ्यात कोणी हात हलवत असेल तर नजर त्याच्याकडे. आवाज सुरेल नसला तरी चालतो. शब्द आणि स्वराची जागा मात्र अचूक लागते.

नोकरी लागली की दिवस दोन तुकड्यांत जातो: सकाळी दहा ते दुपारी एक-दोन, आणि संध्याकाळी सहा ते नऊ-दहा. एका गायकाबरोबरचा तास नीट वापरायचा तर आधी मजकूर लयीत नुसता बोलायचा, मग स्वर, मग श्वासाच्या जागा पेन्सिलीने ठरवायच्या, आणि पाठांतर सगळ्यात शेवटी. एकदा चुकीच्या लयीत पाठ झालेली ओळ सोडवायला नवी शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गायकाला प्रत्येक वेळी पूर्ण आवाजात गायला लावू नये. तो ‘मार्क’ करतो, म्हणजे हळू किंवा सप्तक खाली घेऊन गातो, तेव्हा आपणही पियानो दाबून वाजवायचा. इथे हळूहळू एक गोष्ट अंगात भिनते: कुठला गायक वाक्याच्या शेवटी रेंगाळतो, कुणाला वरच्या स्वराआधी जास्तीचा श्वास लागतो, इटालियन शब्दातले जोडव्यंजन लयीत किती जागा खाते. पुढे पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या ऑर्केस्ट्राच्या खोलगट जागेत, उभे राहिल्यावर हेच हाताशी येते. ज्या कंडक्टरने ही वर्षे काढलेली नाहीत, त्याच्या प्रयोगात गायक सतत मागे राहतो किंवा धावतो, आणि दोष गायकावर जातो.

कोरेपेटिटोरकडे आणखी एक काम असते ते पडद्यामागचे. रंगमंचाच्या आतून वाजणारा बॅन्ड किंवा कोरस असेल तर मॉनिटरवर पिटमधल्या कंडक्टरकडे बघत तो चालवायचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वीस मीटर मागून निघालेला स्वर प्रेक्षकाकडे सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागाने उशिरा पोहोचतो, आणि जलद लयीत तेवढ्याने सगळे विस्कटते. म्हणून आत मुद्दाम किंचित पुढे मारावे लागते. कानाने बाहेरच्या ऑर्केस्ट्राशी जुळवायला गेलात की हमखास मागे पडता. डोळ्यावर विश्वास ठेवायचा, कानावर नाही. संगीताच्या माणसाला हे फार अवघड जाते.

मग एक दिवस कापेलमाइस्टर आजारी पडतो, किंवा चालू असलेला प्रयोग पुढे चालवायला दुसऱ्याकडे दिला जातो. याला जर्मनमध्ये ‘नाखडिरिगाट’ म्हणतात: दुसऱ्याने बसवलेला ऑपेरा ऑर्केस्ट्राबरोबर एकही तालीम न करता चालवणे. करिअर इथे घडते किंवा अडते. मालविट्झ हायडेलबर्गला अशाच ऐनवेळी ‘मादामा बटरफ्लाय’साठी उभ्या राहिल्या होत्या. तयारी कशी करायची ते नीट सांगतो. आधीच्या कंडक्टरचा खुणा केलेला स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेली प्रत, मिळवा आणि काटछाट आपल्या प्रतीत उतरवा. काटछाट ‘व्ही’ आणि ‘डे’ या दोन खुणांमध्ये लिहिलेली असते. त्यातली एक जरी सुटली तर अर्धा ऑर्केस्ट्रा पुढच्या पानावर आणि तुम्ही मागच्या. मग प्रत्येक संथ जागी लिहून घ्या की इथे चार मारतात की आठ, सहा मारतात की दोन. वादक त्या सवयीने बसलेले असतात, तुमची कल्पना कितीही सुंदर असली तरी आज ती बदलायची नाही. फर्माटा, म्हणजे लांबवलेला स्वर, कुठे तोडला जातो, कुठे सरळ पुढे जातो, ते टिपा. प्रॉम्प्टर कुणाला शब्द देतो ते विचारा. आधीचे दोन प्रयोग बाजूच्या जागेवरून स्कोअर घेऊन बघा, आणि त्या वेळी रंगमंचापेक्षा कंडक्टरचा हात बघा. प्रयोगाच्या दिवशी दुपारी मुख्य गायकांबरोबर पियानोवर फक्त सांधे करा: लय बदलते त्या जागा, रिसिटेटिव्हमधून, म्हणजे बोलल्यासारख्या गायनातून, गाण्यात शिरतानाच्या जागा. पूर्ण आरिया (एकट्याचे मोठे गाणे) गाऊन घेऊ नका, संध्याकाळसाठी आवाज राखायचा असतो.

हातांबद्दल बोलायचे तर एकच जागा जवळून दाखवतो, कारण तिच्यात सगळे येते. ‘फिगारो’च्या तिसऱ्या अंकात काउंटेस सुझानाची वाट बघत एकटी आहे, आणि आरियाआधी ऑर्केस्ट्राच्या साथीचे रिसिटेटिव्ह आहे. तंतुवाद्यांचे छोटे तुकडे, मध्ये ती मोकळी बोलल्यासारखी गाते. तिच्या मोकळ्या ओळीत वादकांना विराम आहेत, पण बार, म्हणजे ठोक्यांचे ठरलेले गट, मोजले जातच असतात. कंडक्टरने ते रिकामे ठोके लहान, सपाट, मनगटाच्या खाली मारून संपवायचे, बारचा पहिला ठोका तेवढा स्पष्ट दाखवायचा, आणि वादक यायच्या आधीच्या ठोक्यापाशी जाऊन थांबायचे. गायिकेचे शेवटचे अक्षर पडू लागले की तेव्हाच जिवंत, श्वास असलेला आउफटाक्ट द्यायचा, म्हणजे येण्याआधीचा इशारा. नवशिका रिकामे आणि भरलेले ठोके एकाच आकाराचे मारतो. मग पहिल्या व्हायोलिनमधले दोघे-तिघे चुकून आत येतात, बाकीचे नाही, आणि त्यांच्याकडे रागाने बघितले जाते. चूक त्यांची नसते. किंवा तो गायिका संपेपर्यंत हात खाली ठेवून थांबतो आणि मग घाईने उचलतो, त्यामुळे स्वर उशिरा आणि जाड येतो.

तबल्यात समेवर यायचे तर तिहाई आधी सुरू होते. कंडक्टरचे खरे कामही समेच्या आधीच्या मात्रेत होते. आउफटाक्टमध्ये लय, आवाजाची पातळी आणि स्वराची जात, तिन्ही असतात. ‘फिगारो’च्या ओव्हर्चरची, म्हणजे आरंभीच्या वाद्यसंगीताची, सुरुवात प्रेस्टो (अतिजलद) आहे पण अत्यंत हळू आवाजात, तंतुवाद्ये आणि बासून एकत्र. तिथे खांद्यापासून मोठा हात उचलला की पहिलाच बार जोरात येतो, मग ‘हळू’ म्हणून डावा हात दाखवून काही उपयोग नाही. बोटाएवढा आउफटाक्ट पुरतो. आणखी एक: जर्मन ऑर्केस्ट्रा ठोक्याच्या मागे वाजवतात. हात खाली येतो, स्वर नंतर येतो. नवखा माणूस स्वराची वाट बघत हात रोखतो, वादक त्याची वाट बघतात, आणि लय पानागणिक जड होत जाते. हात पुढे चालूच ठेवायचा, स्वर येतोच.

कापेलमाइस्टरच्या निवडीत ‘फ्लेडरमाउस’सारखा ऑपेरेटा का देतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. तो हलका वाटतो, पण दर दोन पानांना लय बदलते, वॉल्ट्झचा दुसरा ठोका किंचित लवकर यावा लागतो पण दाखवायचा नसतो, आणि गायक-नट संवाद संपवून केव्हाही गाण्यात उडी घेतात. वाग्नरचा पहिला तास सुरळीत चालवणारे ‘फ्लेडरमाउस’च्या ओव्हर्चरमध्ये अडकलेले दिसतात.

नवीन निर्मिती बसवण्याचा क्रम मराठी नाटकवाल्यांना ओळखीचा वाटेल. साधारण सहा आठवडे. पहिल्या दिवशी दिग्दर्शक आणि नेपथ्यकार कल्पना मांडतात. मग पियानोवर रंगमंचाच्या तालमी, कंडक्टर हजर. दरम्यान ऑर्केस्ट्राच्या स्वतंत्र तालमी, एकेक अडीच ते तीन तासांची, मिनिटाला बांधलेली. वेळ संपली की वादक उठतात, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर ‘झिट्झप्रोबे’: गायक खुर्च्यांवर बसून पहिल्यांदा ऑर्केस्ट्राबरोबर गातात, हालचाल नाही. मग पियानोवर वेशभूषा-प्रकाशासह मुख्य तालीम, ऑर्केस्ट्रासह रंगमंचावरच्या तालमी, आणि शेवटी रंगीत तालीम. नवखा कंडक्टर झिट्झप्रोबेमध्ये गायकांना सूचना देत बसतो. ती वेळ ऑर्केस्ट्राने गायकांना ऐकायची आहे, म्हणून शक्य तितके सलग जावे आणि चुका टिपून ठेवाव्यात.

बायरॉइट हा याला अपवादच म्हणायचा. पिट झाकलेला आणि पायऱ्यापायऱ्यांनी रंगमंचाखाली गेलेला, पहिले व्हायोलिन कंडक्टरच्या उजव्या हाताला. कंडक्टरला ऑर्केस्ट्रा कानठळ्या बसवणारा ऐकू येतो आणि गायक पुसट, तर सभागृहात नेमके उलट. सावालिश तिशीत तिथे उभे राहू शकले, कारण गायक पुढच्या क्षणी काय करणार हे त्यांना ऐकण्याआधी माहीत असायचे. ते कोरेपेटिटोरचे ज्ञान.

जनरल म्युझिक डायरेक्टर झाल्यावर कामाचा मोठा भाग कागदावर आणि बैठकीत होतो: हंगामाची निवड, गायकांच्या भूमिकांची वाटणी, वादकांच्या चाचण्या, नगरपालिकेचे बजेट. मध्यम शहरात हंगामात साधारण आठ-दहा सिम्फनी कार्यक्रम आणि दोन ते चार नव्या निर्मिती त्याच्याकडे असतात. नेमणुकीत ऑर्केस्ट्राचे मत वजनदार असते. करार बहुधा तीन ते पाच वर्षांचा. खालच्या पायऱ्यांवर करार हंगामाचा असतो आणि आपोआप वर्षाने वाढतो. नको असेल तर थिएटरने साधारणपणे चालू हंगामाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावे लागते. संगीतप्रमुख बदलला की त्याच्याबरोबर कापेलमाइस्टरही बदलले जातात, हे धरूनच चालावे.

दुसरा दरवाजा नाही का? आहे, आणि तो उघडणारा आपल्या मुंबईचा. झुबिन मेहता १९५४ ला व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडे शिकले, वाद्य घेतले डबल बास. १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकून ते थेट कार्यक्रमांच्या वाटेने मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिसला पोहोचले, कोरेपेटिटोर न होता. पुढे १९९८ ते २००६ ते सावालिश यांच्याच जागी, म्युनिकच्या ऑपेरात संगीतप्रमुख होते. दोघांच्या मध्ये पेटर श्नायडर. पण स्पर्धेची वाट एका बक्षिसावर उभी असते. थिएटरची वाट रोजच्या कामावर असते, म्हणून आई-वडिलांनी विचारले तर तीच सांगावी.

पियानो शेवटपर्यंत कसा साथ देतो, याचा एक प्रसंग. फेब्रुवारी १९९४, फिलाडेल्फियात बर्फाचे वादळ, वाग्नरचा कार्यक्रम ठरलेला. गायक आणि काही श्रोते पोहोचले होते, ऑर्केस्ट्रा मात्र येऊ शकत नव्हता. सत्तरीतले सावालिश पियानोवर बसले आणि ‘टानहॉयझर’ व ‘वालक्युरे’चे उतारे त्यांनी गायकांबरोबर एकट्याने वाजवले. वाग्नरचा ऑर्केस्ट्रा ऐनवेळी दोन हातांत आणणे हे आउग्सबुर्गच्या खोलीत शिकलेले काम होते.

आता मुलीने पुढच्या दोन वर्षांत काय करायचे. स्कोअर थेट पियानोवर वाजवायची रोज अर्धा तास सवय: आधी हायडनची चौकडी, म्हणजे चारच ओळी आणि व्हिओलासाठी आल्टो क्लेफ (क्लेफ म्हणजे ओळीवर कुठला स्वर ते ठरवणारी खूण), ते जमले की चेलो आणि बासूनचा टेनर क्लेफ, मग बी-फ्लॅट आणि ए मधला क्लॅरिनेट, एफ मधला हॉर्न, जे लिहिलेल्यापेक्षा वेगळे वाजतात. मोझार्टची सिम्फनी त्यानंतर. ‘फिगारो’चा एक अंक पियानो-स्कोअरवरून, सगळी पात्रे गात, न थांबता. एखादे ऑर्केस्ट्रातले वाद्य दोन वर्षे तरी; आतून बसल्याशिवाय वादकाचा श्वास कळत नाही. पुणे किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन, किमान बी-वन पातळीपर्यंत, आणि जमल्यास बी-टू. इटालियनचे उच्चार वेगळे शिकावे लागतील. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हंगामात असतो तेव्हा तालमीला बसू देतात का ते विचारावे, आणि मांडीवर स्कोअर ठेवून बसावे. शुल्काचे म्हणाल तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. बाकी ठिकाणी प्रत्येक विद्यालयाचे नियम पाहून घ्यावेत. कंडक्टिंगच्या जागा वर्षाला दोन-चारच निघतात, म्हणून अर्ज करताना कोरेपेटिशन हा वेगळा विषय असलेली विद्यालयेही यादीत ठेवा. तिथून थिएटरची पहिली नोकरी लवकर मिळते, आणि परीक्षेत विचारतात ते त्याच दासींच्या प्रवेशापासून.